पाचवीच्या कागदावरचं नर्सबाईंचं अक्षर

राहू गावातल्या कुठल्याही जुन्या घरात जा आणि पत्र्याची पेटी उघडायला सांगा. वर सातबाऱ्याचे उतारे असतील, लग्नातले फोटो असतील आणि तळाशी चौघडी घातलेला, पिवळा पडलेला एक कागद असेल. त्यावर निळ्या शाईत चार ओळी: "वजन अडीच किलो. रडणं चांगलं. दीड महिन्यानं ट्रिपल टोचून घेणे. देव तुझ्याबरोबर." कुणाचं वजन अडीच असेल, कुणाचं तीन, बाकी मजकूर तोच.

ह्या चार ओळींपायी मार्थाबाई यशया पाटोळे ह्यांनी पंचेचाळीस वर्षं ख्रिस्ती देवळातली प्रभुभोजनाची भाकर तोंडात घातली नाही. त्यांना कुणी बंदी केली नव्हती. त्यांनीच स्वतःला केली होती. प्रभूला एक प्रश्न विचारून ठेवला होता आणि उत्तर येईतो त्या मेजावर हात पुढं करायचा नाही, असं ठरवलं होतं. प्रभूही असा, की पंचेचाळीस वर्षं गप्प.

पण गोष्ट मुळापासून ऐकायला हवी.

मार्थाबाईंची आई त्यांना कडेवर घेऊन केडगावच्या मिशनात आली, तेव्हा पोरगी केवढी होती हे आईलाही धड सांगता येईना. "बाजरी काढायला आली व्हती तवा झाली," एवढंच ती म्हणाली. कोणत्या सालची बाजरी, ते ती बाजरीच जाणे. मग ज्या दिवशी मिशनात आल्या तोच जन्मदिवस कागदावर चढला. पुढं मार्थाबाई हसून म्हणायच्या, "मी जगातली एकटी बाई, जी जन्मली तेव्हा दोन पायांवर उभी राहून बिस्कीट खात होती."

मिशनात त्या शिकल्या, नर्सिंग केलं, आणि दौंडच्या रेल्वेत पॉइंट्समन असलेल्या यशया पाटोळ्यांशी त्यांचं लग्न लागलं. यशया म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण बोलायला कंजूष. रुळांचे सांधे बदलताना जेवढा आवाज व्हायचा तेवढासुद्धा त्यांच्या तोंडून यायचा नाही. मार्थाबाईंना राहूच्या उपकेंद्रावर सरकारी नोकरी लागली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी यशया दौंडहून गाडीनं केडगावला उतरायचे आणि पुढं सायकलीनं राहूला यायचे. हँडलला पिशवी, पिशवीत बायकोसाठी दौंडची बालुशाही. असा संसार.

उपकेंद्रात मार्थाबाईंच्या हाताखाली आक्काबाई होती. बौद्धवस्तीतली, पिढीजात सुईण, हात असा की अडलेली बाई तिचा आवाज ऐकूनच निम्मी सुटायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. दुपारी काम नसलं की मार्थाबाई जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर तिला अक्षरं गिरवायला द्यायच्या. आक्काबाईला सगळी अक्षरं आली, पण 'च' मात्र ती कायम उलटा काढायची. "बाई, पोर उलटं आलं तर मी फिरवीन. ह्यो च न्हाई फिरत माझ्यानं."

दोघींची गट्टी कशी होती ते करुणाच्या जन्मावरून कळेल. मार्थाबाईंना नववा महिना चालू होता आणि गुऱ्हाळावरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. मार्थाबाई निघाल्या, तर तिथं पोचल्यावर त्यांनाही कळा! एका ओसरीवर दोन बाया. आक्काबाईनं दोघींकडं पाहिलं आणि कमरेला पदर खोचला. "बाई, आदी तिची वेळ हाय, मंग तुमची. लाईन मोडायची न्हाई." मार्थाबाईंनी दात दाबून त्या बाईचं बाळंतपण केलं, नाळ बांधली, हात धुतले आणि शेजारच्या घोंगडीवर आडव्या झाल्या. अर्ध्या तासानं करुणा. गुऱ्हाळवाल्यांनी दोन्ही पोरांना ताज्या गुळाचं बोट लावायला धरलं, तर मार्थाबाई झोपल्या जागेवरून ओरडल्या, "खबरदार! आईचं दूधच द्यायचं!"

नर्सबाईंना घाबरायचं नाही असं माणूस गावात नव्हतं. पण टोचायच्या दिवशी मात्र गावाला लपाछपीचा खेळ सुचायचा. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात ह्यांवरचं ट्रिपलचं इंजेक्शन दिलं की पोराला ताप येतो, मांडी सुजते, म्हणून आया पोरं लपवायच्या. कुणी पाचटाच्या गंजीमागं, कुणी माळ्यावर. एकदा एका घरात कणगीतून शिंक आली.

"कणगीत काय आहे गं?" मार्थाबाईंनी विचारलं.

"बाजरी हाय की बाई."

"मग बाजरीला सर्दी झालीय. थांब, औषध देऊन जाते."

हसण्यावारी न्यायचे ते न्यायचे, पण एका हिवाळ्यात डांग्या खोकल्यानं तीन पोरं गेली. तिन्ही लपवलेली. मार्थाबाईंनी तिघांची नावं पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली आणि रोज प्रार्थनेत घेतली.

आता तो कागद. साल एकोणऐंशी. हौसराव बागायतदारांच्या घरी त्यांची बायको मुक्ताबाई हिला पहिला मुलगा झाला. पाचव्या दिवशी संध्याकाळी मार्थाबाई नाळ बघायला गेल्या. बाया सैपाकघरात गुंतलेल्या होत्या. मार्थाबाईंनी झोळीच्या ताणकाट्याला पोर लावलं, वजन पाहिलं, आणि कार्ड काढायला पिशवीत हात घातला तर कार्ड नाही. तारीख लिहून दिली नाही तर हे लोक हटकून विसरणार. इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात पाटा मांडलेला, समोर समई, आणि पाट्याजवळ एक कोरा करकरीत कागद, वर पेन. मार्थाबाईंनी उचलला, चार ओळी लिहिल्या, परत तिथंच ठेवला आणि गेल्या.

मिशनात वाढलेली बाई. पाचवीला पाट्याजवळ कागद कशाला ठेवतात हे त्यांना कुठून माहीत? गावाचा रिवाज असा, की पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. कागद तिच्यासाठी. आक्काबाईला हे माहीत होतं, पण ती त्या दिवशी बरोबर नव्हती.

सकाळी हौसरावांची आई अनसाबाई उठली. साठीची, ठसठशीत, आख्खं घर मुठीत ठेवणारी बाई. तिनं कागद पाहिला आणि किंचाळीच फोडली. "आरं, आली व्हती! लिव्हून गेली!" आजवर सात पोरांच्या पाचव्या पाहिल्या, कागद नेहमी कोराच राहायचा. सटवाईचं लिहिणं माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही म्हणतात. इथं तर निळीशार शाई!

अनसाबाई कागद घेऊन शाळेत. मागं निम्मं गाव. गुरुजींनी कागद हातात घेतला. अक्षर त्यांनी लगेच ओळखलं, उपकेंद्राची सगळी टिपणं तेच तर वाचायचे. पण गुरुजींचा पुतण्या त्या तीन पोरांतला होता. त्यांनी चष्मा नीट केला आणि खणखणीत आवाजात चारही ओळी वाचल्या. पुढं एक शब्द बोलले नाहीत.

"म्हंजी सटवाई म्हणती टोचून घ्या?"

"कागदावर तसं लिहिलेलं आहे," गुरुजी म्हणाले. खोटं बोलले असं त्यांना कुणी म्हणू शकत नव्हतं.

पुढच्या टोचायच्या दिवशी मार्थाबाई पारावर पोचल्या, तर चाळीस बाया रांगेत. काखेत पोरं, कुणी लपलेलं नाही. मार्थाबाईंचे डोळेच भरून आले. त्यांनी वर पाहून प्रभूचे आभार मानले. मग आक्काबाई कानाशी लागली आणि हसू दाबत सगळा प्रकार सांगितला.

मार्थाबाईंच्या हातातली सुई तशीच राहिली. गप्प राहिलं तर चाळीस पोरं वाचतात. बोललं तर रांग मोडते. आणि गप्प राहिलं, तर आपल्या अक्षराचं श्रेय दुसऱ्या देवाच्या नावावर चढतं. त्यांनी सुई ठेवली आणि पारावर उभ्या राहिल्या.

"बायांनो, तो कागद मी लिहिलाय. सटवाईनं नाही. हे अक्षर माझं आहे."

रांगेत चुळबूळ झाली. एकदोन बाया मागं सरकल्या. सगळ्यांत पुढं अनसाबाई नातवाला घेऊन उभी होती. ती जागची हलली नाही.

"हात तुमचा आसंल बाई. पर हात हालवला कुणी?"

"माझ्या प्रभूनं."

"झालं की मंग! कागद आमच्या सटवाईचा, हात तुमच्या परभूचा. त्या दोघांचं जमलं, आपुन का भांडायचं? टोचा पोराला." आणि मागं वळून गरजली, "कोन हाललं गं रांगंतून? म्होरं या!"

चाळीसच्या चाळीस पोरं टोचून झाली.

तेव्हापासून रिवाजच पडला. कुठल्याही घरी पाचवी असली की नर्सबाईंना बोलावणं. मार्थाबाईंनी तीन अटी घातल्या: कागदाला हळदकुंकू लावायचं नाही, माझ्या पाया पडायचं नाही, आणि लिहायच्या आधी मी माझ्या प्रभूचं नाव मोठ्यानं घेणार.

"घ्या की," अनसाबाई म्हणाली, "सटवाईला काय कमी ऐकू येतंय व्हय?"

बातमी चौफुल्यापलीकडं त्यांच्या लहानशा मंडळीत पोचायला किती वेळ लागणार? रविवारी उपासना संपली आणि रतनबाई नावाच्या एक जुन्या विश्वासू बाई उठून उभ्या राहिल्या. "आपली मार्था गावात सटवाईची कारकुनी करती, हे पाळकसाहेबांना ठाऊक आहे का?" सगळं देऊळ वळून बघायला लागलं.

पाळकसाहेब म्हातारे, मनानं मऊ. मार्थाबाईंना त्यांनी बाजूला घेतलं. मग म्हणाले, "मी हो म्हणालो तर मंडळी फुटेल. नाही म्हणालो तर पोरं मरतील. बाई, हे माझ्या आवाक्यातलं नाही. तुम्ही प्रभूलाच विचारा."

मार्थाबाईंनी विचारलं. "प्रभू, त्या कागदावर लिहिते ते तुला चालतं की नाही, सांग. चालत नसलं तर हात थांबव. पण उत्तर येईतो तुझ्या मेजावर मी बसणार नाही. मनात शंका ठेवून ती भाकर खायची नसते." पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट समोर आलं, तेव्हा त्यांनी ते हळूच शेजारणीकडं सरकवलं. सात वर्षांच्या करुणानं मोठ्यानं विचारलं, "आई, तुला भूक नाही?"

"आहे गं," मार्थाबाई म्हणाल्या.

यशयांना हे कळलं तेव्हा ते बालुशाही खात होते. ती पूर्ण संपवून त्यांनी वर्षातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "शिग्नल लाल हाय का?"

"नाही."

"हिरवा?"

"तोही नाही. काहीच दिसत नाही."

"मग आमच्यात नियम हाय. आदी थांबायचं. मग शिट्टी देत हळूहळू म्होरं जायचं."

मार्थाबाई शिट्टी देत हळूहळू पुढं जात राहिल्या. वीस वर्षं. सायकलीवरून, बैलगाडीतून, उसाच्या ट्रॅक्टरवरून. राहूत त्यानंतर डांग्या खोकल्यानं एकही पोर गेलं नाही. रोज प्रार्थनेच्या शेवटी त्या तीच आठवण करून द्यायच्या, "आणि त्या कागदाचं काय ते सांग, प्रभू." रतनबाई पुढं आजारी पडल्या, तेव्हा तीन महिने त्यांचं अंथरूण-पांघरूण मार्थाबाईंनीच केलं. रतनबाई शेवटी म्हणाल्या, "मार्था, मी बोलले ते सोड. खा ती भाकर." मार्थाबाई म्हणाल्या, "तुम्ही तुमचं बोललात, ताई. मी त्याचं ऐकायला थांबलेय."

बौद्धवस्तीत मात्र त्यांनी असा कागद कधीच लिहिला नाही. तिथं पाचवीच नव्हती. बाबासाहेबांमागं वस्तीनं सगळे जुने देव सोडले होते. तिथं मार्थाबाई छापील कार्ड द्यायच्या. आक्काबाईचा मुलगा महेंद्र ह्यालाही कार्डच. आक्काबाई वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पाचव्यांना कंदील धरून उभी राहिली, पण "माझ्या घरी लिहा" असं एकदाही म्हणाली नाही.

आणि करुणाला तर कार्डही नाही, कागदही नाही. ती आयुष्यभर आईला टोमणे मारायची. "हजार पोरांचं नशीब लिहिलंस, पोटच्या पोरीला चिठ्ठीसुद्धा नाही."

"तुला मी होते ना."

"कुठं होतीस? पाचवीला गेली होतीस!"

नोकरी संपली, यशया गेले, आक्काबाईही गेली. करुणा शिरूरला शाळेत शिकवायची. तिनं आईला तिकडं नेलं. शिरूरच्या देवळात नवी मंडळी, नवे तरुण पाळक, पण ताट आलं की मार्थाबाईंचा हात तसाच शेजारी सरकायचा. पाळकांनी एकदा विचारलं. करुणाच फटकन म्हणाली, "तिचा आणि प्रभूचा जुना वाद आहे. आपण पडू नका."

मागच्या पावसाळ्यात मार्थाबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मंगळवारी ऑपरेशन झालं. चौऱ्याऐंशीचं वय, डॉक्टरांनी करुणाला बाजूला घेऊन सांगितलं की सांगता येत नाही. मार्थाबाईंना न सांगताही कळलं. डॉक्टरांचा तो बारीक आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता. त्यांना मरणाची भीती नव्हती. भीती एकच होती. उत्तर यायच्या आधी निघावं लागलं, तर उपाशीच त्याच्यासमोर जायचं का?

वॉर्डात एक तरुण नर्स होती, अनुपमा. पहिल्या दिवसापासून ती मार्थाबाईंकडं जरा जास्तच बघायची. मार्थाबाई तिला सलाइन कसं धरायचं ते शिकवायच्या आणि ती "व्हय आजी" म्हणत आपल्याच पद्धतीनं धरायची. शनिवारी संध्याकाळी ती आली, खाटेलाच बसवलेल्या वजनकाट्यावर नजर टाकली, आणि खिशातून एक कोरा कागद काढून उशाच्या स्टुलावर लिहायला बसली.

"काय लिहितेस गं? चार्ट तिकडं आहे."

"चार्ट न्हाई, आजी. आज पाचवा दिवस हाय ना?" तिनं कागद पुढं केला.

निळी शाई. "वजन एकेचाळीस किलो. कमी आहे. खाणं वाढवावं. रडणं अजिबात नाही. दीड महिन्यानं पुन्हा दाखवणे. देव तुझ्याबरोबर."

मार्थाबाईंनी चष्मा मागितला. पुन्हा वाचलं. "हे तुला कुणी शिकवलं?"

"राहूच्या आक्काबाईंची नात मी. महेंद्रची मुलगी." तिनं मोबाइलच्या कव्हरमागून प्लास्टिकमध्ये बसवलेला एक कागद काढला. "तुम्ही रिटायर झाल्यावर माझा जन्म. आजीनं स्वतः लिव्हला."

वेडीवाकडी अक्षरं. 'रडणं चांगलं' मधला 'च' उलटा. मार्थाबाईंनी तो ओळखला आणि त्यांना हसू फुटलं.

"पण तुमच्यात सटवाई नाही. तुमच्या वस्तीत मी एकदाही पाचवीला आले नाही."

"न्हाईच की. आजी म्हणायची, सटवाईला आपुन कवाच रजा दिली, पर बाईंचा कागद सोडायचा न्हाई. आमच्या आख्ख्या वस्तीत लिहितात आता. फकस्त शेवटची ओळ आजीनं बदलली."

मार्थाबाईंनी वाचली. 'आम्ही तुझ्याबरोबर.'

"आणि माझ्यावर तू 'देव' लिहिलंस?"

"तुमचा तुमच्याकडं लिव्हला," अनुपमा म्हणाली. "ज्याचं त्याला."

ती दुसऱ्या खाटेकडं गेली. मार्थाबाई दोन्ही कागद छातीवर ठेवून पडून राहिल्या. ज्या घरात सटवाई नव्हती, तिथंही कागद होता. मग ज्या घरात ती होती, तिथला तरी कागद तिचा कशावरून? पाटा तिचा असेल, समई तिची असेल. कागद लेकराचा होता. आणि ज्या बाईनं कंदील धरला आणि कधी काही मागितलं नाही, तिला हे आधीपासून कळलं होतं! पंचेचाळीस वर्षं आपण वर बघत बसलो, आणि उत्तर शेजारी उभं होतं, उलटा 'च' काढत.

"करुणे," त्यांनी हाक मारली. "पेन दे. आणि एक कागद."

करुणा घाबरून धावली. तिला वाटलं मृत्युपत्र. मार्थाबाईंचं अक्षर अजून तेच होतं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद त्रेपन्न वर्षांच्या मुलीच्या हातात दिला. "वजन जास्त. भात कमी करावा. आईवर चिडू नये. देव तुझ्याबरोबर."

करुणा वाचता वाचता हसली आणि तिनं कागदाची चौघडी घातली. "चार ओळी लिहायला त्रेपन्न वर्षं लावलीस."

"तुझा नंबर शेवटचा होता. लाईन मोडायची नाही."

बरोबर दीड महिन्यानं महिन्याचा पहिला, प्रभुभोजनाचा रविवार आला. मार्थाबाई वॉकर सरकवत शिरूरच्या देवळात पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. राहूहून आलेला हौसरावांचा मुलगा, तोच पहिल्या कागदाचा सत्यजीत, त्यांना घरून गाडीत घालून घेऊन आला होता आणि चपला काढून मागं भिंतीला टेकून उभा होता. ताट बाकाबाकावरून येत राहिलं. करुणानं सवयीनं पुढच्या माणसाकडं द्यायला हात केला, तर मध्येच मार्थाबाईंचा हात आडवा आला. त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला, डोळे मिटले आणि सावकाश खाल्ला.

करुणा कानाशी वाकली.

"आई! उत्तर आलं?"

"आलं."

"काय म्हणाला प्रभू?"

मार्थाबाईंनी तोंड पदरानं पुसलं. "वजन कमी आहे म्हणाला. खाणं वाढव."